जैबूची करंगळी

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. आम्ही कोल्हापूरचे मणियार. गावोगाव हिंडून बायकांना बांगड्या भरायच्या, हाच धंदा. मला लिहिता येत नाही. महाराजांच्या शाळेत शिकलेली माझी लेक हे लिहून घेतेय — मी सांगते तसंच.

आधी जैबूचं सांगते. माझी धाकटी बहीण. ती पंधराची असताना एक गोडबोली बाई तिच्यासाठी स्थळ घेऊन आली. काही नको, फक्त निकाह मुंबईत लावू, म्हणाली. अब्बा भुलले. ना घर पाहिलं, ना नवरा. जैबू तिच्याबरोबर गेली... ती गेलीच. पुढं एका ओळखीच्या माणसानं तिला मुंबईच्या वाईट वस्तीत पाहिलं. अब्बा शोधून शोधून रिकाम्या हातानं परतले. लोकांना आम्ही सांगितलं, पोर प्लेगात गेली.

त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी, चैत्रातली दुपार. गाव मलकापूर. नेहमीच्या गिऱ्हाईक काशीबाईंच्या घरी, पुढच्या सोप्यात, मी बांगड्यांचा पेटारा उघडून बसले होते. बाहेर ऊन पांढरं पडलेलं, कुठं आवाज नाही, जात्यापाशी मांजर झोपलेलं. त्यांच्या येसूला, चौदा वर्षांच्या पोरीला, बांगड्या भरायच्या होत्या. शेजारी जरीकाठी लुगड्यातली एक पाहुणी पान लावत बसली होती.

"लग्न कुठं हाय?" मी सहज विचारलं.

"मुंबईला. ह्या बाई उद्या घिऊन जात्यात. कायबी मागितलं न्हाय की!" काशीबाई खुशीत होत्या.

जैबूला नेताना ती बाईही हेच म्हणाली होती. तरी मी बांगड्याच निवडत राहिले. बोलले असते तर आमच्याच घराची अब्रू गेली असती.

येसूचा हात हातात घेतला. मापासाठी हाडं चाचपताना मी डोळे मिटते, सवयच आहे. तो हात हळूहळू बदलत गेला... गार, बारीक. आणि करंगळी वाकडी. लहानपणी दारात चेंगरलेली, मी रोज तेल चोळलेली जैबूची करंगळी! पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं, सगळं लांब, संथ. भीती अजिबात नव्हती. मग त्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं.

"मावशी, सोडा की, दुखतंय!"

डोळे उघडले. हात येसूचाच, करंगळी सरळ. माझ्या मनगटावर मात्र बोटांचे वळ — काशीबाईंनीही पाहिले.

मग मी बोलले. सगळं, प्लेगाच्या खोट्यासकट. "काशीबाई, नवऱ्याचं घर कुणी बघितलंय? पोरीला परत यायचं झालं तर ती कुणाकडं जाईल? विचारा तरी."

काशीबाई पाहुणीकडं वळल्या. "व्हय बाई, नवऱ्याचं गाव कुठलं म्हणालासा?"

पाहुणी आधी सातारा म्हणाली, मग सुरत. काशीबाईंनी पाटलाला बोलावणं धाडलं. तो येईपर्यंत ती पसार झाली होती.

येसू मात्र माझ्यावरच चिडली. "माझं लगीन मोडलंसा!" दोन वर्षांनी बांबवड्याला दिली तिला, माहेराहून एका दिवसात जाऊन येण्याइतकं जवळ.

तेव्हापासून जिथं पेटारा उघडते तिथं आयांना जैबूचं सांगते. काही घरं मला उंबऱ्यावरूनच परतवून लावतात. काही ठिकाणी बाया जमून ऐकतात, मधेच पोरींना जवळ ओढून बसवतात. शिरोळात एका आईनं स्थळ आणणाऱ्याला सुनावलं, "आधी आमचा थोरला तुमच्या गावाला यिऊन बघंल, मग बोलू." तो पुन्हा फिरकला नाही.

त्या दुपारचं वैद्यांना सांगितलं, तर म्हणाले, उन्हाचा झटका. वळांचं विचारलं तर औषधाची पुडी बांधायला लागले. मेलेली माणसं अशी येतात, असं शेजारणी सांगतात. पण जैबू मेल्याचं आम्हाला कुणीच कळवलेलं नाही... ती कुठंतरी जिवंत असेल, तर त्या दुपारी माझा हात धरला तो कुणी?