फाटकाजवळची जागा आणि शंभर किलोमीटर

बोईसरच्या मासळी बाजारात फाटकाजवळची पहिली जागा साखरबाईची. गिऱ्हाईक आत शिरलं की पहिलं तिच्याच पाटीसमोर येणार, आणि तिच्या तावडीतून सुटून पुढे जाईल तर शपथ! शेजारच्या दुसऱ्या जागेवर मुरबे गावची पुष्पलता तामोरे. बावीस वर्षं दोघी मांडीला मांडी लावून बसतात आणि बावीस वर्षं त्या पहिल्या जागेवरून भांडतात. पुष्पलता म्हणते, ती जागा मूळची माझ्या सासूची. साखरबाई म्हणते, "मग बोलव सासूला!" सासू तर केव्हाच देवाघरी गेलेली, ती कुठली साक्षीला येतेय?

गेल्या ऑक्टोबरात कुंभवलीचा भावेश हलवा मासा घ्यायला आला. कारखान्यात सुपरवायझर, दोघींचं रविवारचं गिऱ्हाईक. अंगात सायकलवाल्यांचे तंग कपडे आणि तोंड उतरलेलं. जानेवारीत बोईसर ते बोर्डी आणि परत अशी शंभर किलोमीटरची मोहीम होती, आठ तासांत संपवायची. तिघांचा गट, आणि तिघांतला शेवटचा पोचेल तीच सगळ्यांची वेळ. भावेश आणि पालघरची हिमानी, शाळेत शिकवणारी, तयार होते. तिसऱ्याने ऐन वेळी अंग काढून घेतलेलं.

"मी येऊ?" पुष्पलता मासा कापता कापता म्हणाली. थट्टाच होती हो ती!

भावेश हसला, त्याचं काही नाही. पण साखरबाई अशी हसली की तिच्या पाटीतली मांदेली हलली. "ही? हिला रिक्षातनं उतरवाला दोन माणसं लागतात!"

झालं. पुष्पलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोयता खाली ठेवून ती उभी राहिली. "मी पुरी केली तर ही पहिली जागा माझी. नाय केली तर मी मागं नळाजवळ जाऊन बसेन, कायमची."

नळाजवळ! तिथे गिऱ्हाईक सोडा, मांजरही फिरकत नाही. साखरबाईने पुष्पलताच्या हातावर टाळी दिली आणि भावेश बिचारा हलव्याची पिशवी घेऊन उभाच राहिला.

पुष्पलता सायकल चालवायची ती बाराव्या वर्षी, दांड्याखालून पाय घालून. आता वय एकोणपन्नास. भावेशने आपली जुनी गिअरची सायकल दिली आणि पहिल्याच सकाळी ती थेट वलांडीत घुसली. बोंबील वाळत घातलेले बांबू, त्यात सायकल, त्यात पुष्पलता. अख्ख्या मुरब्याने पाहिलं आणि दुपारपर्यंत बातमी बोईसरला साखरबाईच्या कानावर गेली. "बोंबील कसे हाईत गो?" तिने एवढंच विचारलं.

भावेशने मोबाइलवर सरावाचं वेळापत्रक पाठवलं, मंगळवारी सहाला पंधरा किलोमीटर, गुरुवारी सहाला वीस. पुष्पलताने उलट फोन लावला. "भावेश, मंगळवारी भरती सहाची हाय. बोटी लागतील तेवा मी बंदरावर असेन का तुझ्या सायकलीवर?" भरती रोज पाऊण तास पुढे सरकते हे त्या कारखान्याच्या माणसाला कोण सांगणार? शेवटी भावेशने घरात तिथींचं कॅलेंडर टांगलं. अष्टमीला किती वाजता सराव, हे तो नंतर तोंडपाठ सांगायचा.

खाण्यासाठी खजूर आणा, असं हिमानीने सांगितलं होतं. पुष्पलताने खिशात भाजलेले सुके बोंबील आणले. बेटेगावात त्या वासावर सात कुत्री मागे लागली. त्या दिवशी तिघांचा जो वेग झाला तो पुन्हा कधी झाला नाही, आणि त्या दिवसापासून पुष्पलताला आपल्याला येतं असं वाटायला लागलं. खरंच वाटायला लागलं. तीस झाले, चाळीस झाले, नाताळात साठ झाले. पहाटेच्या गारव्यात मिठागरांच्या कडेने जाताना ती गाणी म्हणायची आणि मागून हिमानी दम लागलेल्या आवाजात साथ द्यायची. इतकं सुख बाईला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र ती अडली. हिमानी सांगून थकली, "मावशी, आत गादी शिवलेली चड्डी मिळते, ती घाला. लांब पल्ल्याला लागतेच."

"ढुंगणाला उशी बांधून फिरू? मुरब्यात तोंड दाखवाला जागा ऱ्हाईल का?" विषय संपला.

जानेवारीतल्या त्या रविवारी सहाला तिघं बोईसरहून निघाली. तारापूर, चिंचणी, डहाणू, बोर्डी. जाताना समोरून उत्तरेचा वारा, तरी बोर्डीला वेळेत पोचली. परतीत मात्र ऊन चढलं आणि चिंचणीत पुष्पलताच्या पोटऱ्यांत असे गोळे आले की ती सायकल टाकून रस्त्याकडेच्या कठड्याला टेकली. एक वाजायला दहा कमी. बारा किलोमीटर बाकी, आणि तिच्यामुळे पोरांचीही मेहनत पाण्यात. तिला नळ दिसायला लागला.

"तुमी जा रे. माझं झालं."

"तुम्हाला सोडून गेलं तर आमचं तरी काय मोजणार, मावशी?" भावेश म्हणाला आणि खाली बसून तिचे पाय चेपायला लागला.

तेवढ्यात समोर रिक्षा थांबली. आतून साखरबाई उतरली. चिंचणी तिचं माहेर. रविवारचा बाजार, भर धंद्याचा दिवस, तो सोडून ही हिची फजिती बघायला आलेली! पुष्पलताने डोळे मिटून घेतले. आता काय काय ऐकावं लागतंय!

"बसलीस? इतं बसलीस?" साखरबाई कडाडली. "बावीस वर्षं माज्याशी भांडलीस तेवा नाय दमलीस! तू नळाजवळ गेलीस तर मी दिवसभर बोलू कोणाशी? ऊठ, पुष्पे!"

तिने डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुष्पलताच्या हातात कोंबली, वर दोन तांबे पाणी पाजलं आणि पोटऱ्या अशा रगडल्या की पुष्पलता किंचाळतच उभी राहिली. एकच्या ठोक्याला तिघं निघाली. मागून रिक्षा, आणि रिक्षात साखरबाई, बोईसरपर्यंत शिव्या देत. एक वाजून चोपन्न मिनिटांनी तिघांची चाकं रेषेपार गेली. पुष्पलता हिमानीच्या गळ्यात पडून भोकाड पसरून रडली.

दुसऱ्या दिवशी बाजारात साखरबाई आधीच दुसऱ्या जागेवर सरकलेली. पहिली जागा मोकळी, धुऊन ठेवलेली. सगळा बाजार बघतोय. पुष्पलता ताठ मानेने आली, पाटी मांडली, पाटावर बसली आणि "आई गो!" करून ताडकन उठली.

बावीस वर्षांची जागा, आणि बसता येईना! अकरापर्यंत तिने उभ्यानेच सुरमई विकली. बाजार हसून हसून पडला. साखरबाई तेवढी हसली नाही. तिने पाटीखालची आपली चुंबळ काढली, डोक्यावर बावीस वर्षं पाटी पेललेली, जुन्या लुगड्याची, मऊ. झटकली आणि पुष्पलताच्या पाटावर ठेवली.

"बस."

पुष्पलता हळूच टेकली. बसता आलं. तिचे डोळे भरले. तिने आपला पाट चुंबळीसकट भिंतीकडे ओढला आणि शेजारी हात आपटला.

"ये अशी. दोघी मावतो आपण."