लाठीबाई आणि मोहाखालचा पहारा

लाठीबाई चालता चालता आमच्या लाठीवर अवचित फटका मारायच्या. जिची लाठी खाली पडली तिची खैर नसे. "काऊन वं, एवढी आवळून धरली? आवळली का मनगट मेलं!" त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी हे शब्द आठवले की माझी मूठ आपोआप सैल होते.

मूल तालुक्यातल्या आमच्या गावात, शाळेच्या मैदानावर त्या आम्हा बायकांना लाठी शिकवत. वडील चंद्रपूरच्या आखाड्यातले, त्यांच्याकडूनच ते अंगात आलेलं. मी पक्की भित्री भागूबाई. माझी नजर सारखी लाठीच्या टोकावर. त्या खेकसायच्या, "टोकाले काय पाहून राह्यली? समोरच्याच्या खांद्याकडे पाह्य. मार तिथून निघते."

पण खरी परीक्षा मोहफुलांच्या दिवसांत. जंगलात वाघ, आणि वाकलेली बाई त्याला जनावरच वाटते. म्हणून बाईंचा नियम होता: एकीनं वेचायचं, दुसरीनं तिच्या पाठीमागे लाठी घेऊन, झुडपांकडे तोंड करून उभं राहायचं. यात हयगय केलेली त्यांना बिलकूल चालत नसे.

त्या सकाळी पहारा माझा होता. बाई वाकून वेचत होत्या. थोडं पुढे फुलांचा नुसता सडा पडलेला. मला मेलीला राहवलं नाही. दोनच मिनिटं, असं म्हणत लाठी झाडाला टेकवली, पुढे गेले आणि वाकले. तेवढ्यात वानरं ओरडली. मान वर केली तर झुडपात वाघ, बाईंच्या पाठीवर नजर लावून बसलेला. लाठी दहा पावलं लांब. मी ओरडले, "बाई!"

बाई ताडकन उभ्या राहिल्या, वळल्या, टोपली डोक्यावर उंच धरून ओरडल्या, "हट्ट!" वाघ हलेना. "हळू मागं सरक. पाठ नको दाखवू त्याले," त्या मला म्हणाल्या. एकेक पाऊल आम्ही मागे सरकलो. शेवटी तोच वळला आणि गेला. बाईंनी झाडाला टेकवलेल्या लाठीकडे पाहिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्यांनी लाठी नुसती माझ्या हातात दिली आणि घराची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात लाठी ठेवली. "बाई, पहाऱ्याले दुसरी कोनी घ्या. माझ्यापायी तुमचा जीव गेला असता."

"गेला नाई ना? मंग उचल ते लाठी. चाल."

त्याच झाडाखाली माझ्याकडे पाठ करून त्या वाकल्या. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. माझे डोळे घळाघळा वाहत होते, पण ते पुसायलाही मी लाठीवरचा हात काढला नाही.