ठमीची दहा पेरं

प्राण्यांच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते मांजराच्या केसांसारखे अंगाला चिकटून घरी येतात. कोट बाहेर झटकते, दारात उभी राहून रोलर फिरवते, तरी जेवताना आमटीत एक सापडतोच. नवरा तो चिमटीत धरून विचारतो, "आज कोण आलं होतं?" आणि मी सुरू होते!

मी मूळची सांगलीची, बी.कॉम. २०१४च्या आसपास नंदनच्या नोकरीपायी आम्ही आल्मेरेला आलो. तो रोज ट्रेनने अॅमस्टरडॅमला जायचा आणि मी घरात बसून भिंतींशी मराठी बोलायचे. शेवटी डच शिकले आणि घराजवळच्या दवाखान्यात रिसेप्शनवर चिकटले. तिथली डॉक्टर म्हणजे मार्लूस. सहा फूट उंच, आवाज मात्र अगदी हळू. पहिले काही महिने मी तिला "डॉक्टर मॅडम" म्हणायचे आणि ती मागे वळून बघायची, आपल्या पाठीमागे कोण आलंय म्हणून!

माझ्याकडे दातांचे किस्से आहेत, शेपट्यांचे आहेत. पण नखांचे निघाले की ऐकणारी माणसं चहा थंड करतात. म्हणून आज फक्त नखांचे.

* * *

नोकरीचा दुसराच आठवडा. एका गृहस्थाचा इंग्रजीतून फोन आला. "मांजराची नखं कायमची काढायला किती घेता?"

मी दरपत्रक उघडलं. दात साफ करणं होतं, नखं कापणं होतं, सशाची लस होती. हे कुठेच नव्हतं. मला वाटलं, माझंच डच कच्चं. मी आत जाऊन मार्लूसला विचारलं. तिचा हात सशाच्या तोंडात होता. म्हणाली, "इथे कायद्याने बंद आहे ते, केव्हाचंच. फोन मला दे."

आणि इतक्या शांतपणे बोलली की मी बघतच राहिले. "सर, मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. कायमचं काढायचं तर ते हाडच कापावं लागतं. पुढच्या पायांची दहा बोटं, दहा हाडं. तुम्ही आज एवढंच करा. स्वतःच्या दहाही बोटांची शेवटची पेरं आत मिटून ठेवा आणि नेहमीसारखे वागा. सहा वाजता मला सांगा कसं वाटलं."

मला वाटलं, हा आता शिव्या घालून फोन आपटणार. पण बरोबर सहाला फोन वाजला. तोच!

"मी साडेअकरालाच हरलो," तो म्हणाला. "टॉयलेटला जायचं होतं आणि पँटचं बटण उघडेना. मांजराला खरवडायला तो खांब असतो ना, तो कुठे मिळतो?"

* * *

आता हे ऐकल्यावर मी थोडीच गप्प बसणार? शनिवारी घरी मीही पेरं मिटून पोळ्या करायला घेतल्या.

कणीक मळली गेली, म्हणजे बुक्क्यांनी मळली. लाटणं कसंबसं फिरलं. पण तव्यावरची पोळी उलटायला बोटांची टोकंच लागतात, हे मला बत्तीस वर्षं माहीत नव्हतं! पहिली पोळी जळली, दुसरी खाली पडली. तिसरी जमली, पण ताटातली पोळी मोडून घास धरता येईना. मिठाची चिमूट नाही, कढीपत्त्याचं पान नाही, कुकरची शिट्टी नाही.

नंदन आला आणि धूर बघून म्हणाला, "काय झालं?"

"मला बोटं नाहीयेत."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा जमिनीवरच्या पोळीकडे. "मग पिझ्झा कोण उघडणार?"

हसलो आम्ही खूप. पण पिझ्झा खाताना मी सारखी आपल्याच बोटांकडे बघत होते. केवढंसं ते पेर, पण सगळा संसार त्याच्यावर चाललेला असतो.

* * *

हेंक म्हणजे आमचं सर्वात म्हातारं गिऱ्हाईक. जन्मभर बोटीवर राहिलेला, आणि त्याच्या बोटीवर एक दांडगा बोका. एकदा दोघंही आले. बोका चिंब, आणि हेंकचा कोटही चिंब, कारण बोका कोटातच होता.

झालं होतं असं, की बोका धक्क्यावरून कालव्यात पडला. तिथे पायरी नाही, उतार नाही. दीड माणूस उंचीची लाकडी फळ्यांची उभी भिंत, वर शेवाळ. बोका त्या भिंतीवरून स्वतः चढून वर आला! मार्लूसने त्याचा पंजा दाबून एकेक नख बाहेर काढून दाखवलं. टोकं झिजलेली, दोन तुटलेली, मध्ये लाकडाची बारीक कुसळं अडकलेली. मी चिमट्याने एक कुसळ काढलं. एवढ्याशा आकड्यांनी त्याने आपलं सात किलोचं ओझं पाण्यातून वर ओढून आणलं होतं. खरंच सांगते, देवळात हात जोडते तसे त्या पंजापुढे जोडावेसे वाटले.

"तुम्ही उडी मारली नाहीत?" मी हेंकला विचारलं.

"मी? मला पोहता येत नाही." मग बोक्याकडे बघत म्हणाला, "आता ह्याच्याकडेच शिकावं म्हणतो!"

* * *

विभावरीताई आमच्या मराठी मंडळाच्या. त्यांचा पांढऱ्या लेदरचा सोफा सगळ्या आल्मेरेला माहीत होता. मुलीच्या हट्टापायी मांजर आणलं आणि महिनाभरात सोफ्याच्या हातावर रांगोळी निघाली.

हळदीकुंकवाला मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वैजू, तू आतलीच आहेस ना तिथली? नखं काढायचं बघ ना काहीतरी सेटिंग होतंय का."

"ताई, इथे बंदी आहे."

"अगं बंदी सगळ्यालाच असते!"

मला तोंड उघडायची लाज वाटत होती, पण मोठ्या माणसाचा शब्द म्हणून मार्लूसच्या कानावर घातलं. ती रागावली नाही. शनिवारी सकाळी मला बरोबर घेऊन सायकलवरून विभावरीताईंच्या दारात हजर! मागे कॅरियरला एक फळी, काथ्याचं पायपुसणं आणि हातोडी. पायपुसणं फळीवर ठोकलं, फळी सोफ्याला खेटून उभी केली, त्यावर मांजरांना वेड लावणाऱ्या कॅटनिपच्या वाळलेल्या पानांची थोडी पूड चोळली. मांजराने सोफा सोडला आणि काथ्यावर तुटून पडलं. मार्लूस एक कॉफी पिऊन आणि अर्धी चकली खाऊन निघाली.

विभावरीताई दाराशी येऊन मला म्हणाल्या, "बाई गुणाची आहे गं. पण ते पायपुसणं ड्रॉइंगरूममध्ये कसं दिसतंय!"

* * *

आणि मग ठमी आली.

शिरीष आणि मंजिरी राजवाडे अमेरिकेतून बदली होऊन इथे आलेले, मंडळात ओळख झालेली. मुलगी इरा, सात वर्षांची, आणि मांजर ठमी, आठ वर्षांची. ठमी चावायची. वाळूच्या ट्रेमध्ये जायची नाही, बाथरूममधल्या मॅटवर करायची. आदल्या दिवशी तिने इराच्या हाताला चावून रक्त काढलं होतं.

शिरीष आयटीतला, बोलायला चटपटीत. बसल्या बसल्या मला मराठीत म्हणाला, "वैजू, हिला एकदा इंजेक्शन देऊन झोपवूनच टाका. घरात लहान पोर आहे." मी ते मार्लूसला डचमध्ये सांगितलं. मंजिरी खिडकीबाहेर बघत होती. ठमी इराच्या मांडीवर, आणि इराच्या हाताला पट्टी!

मार्लूसने ठमीचा पुढचा पंजा हातात घेतला, हळूच दाबला आणि थांबली. दुसरा दाबला. बोटं आखूड होती, टोकाला काहीच नव्हतं. मग एक्सरे काढला. दोन बोटांत हाडाचे बारीक तुकडे राहून गेले होते. ठमी जवळजवळ आठ वर्षं त्यांच्यावर चालत होती. वाळूत पाय ठेवला की ते टोचायचे, म्हणून ती मऊ मॅट शोधायची. आणि पंजा उगारण्यात अर्थ नाही म्हणून दात वापरायची.

"अमेरिकेत नसबंदीबरोबर पॅकेजमध्ये होतं," शिरीष म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "आम्हाला वाटलं, नखं म्हणजे नखं."

मार्लूस ठमीपुढे वाकली आणि तिला डचमध्ये म्हणाली, "माफ कर हं."

मग शिरीषकडे वळली. "बरं होऊ शकणाऱ्या मांजराला मी मारणार नाही. तुकडे काढते, दुखण्याचं औषध देते, ट्रेमध्ये मऊ कागद घाला. मला तीन महिने दे. तिने तुला दहा पेरं दिलीत. तीन महिने म्हणजे काहीच नाही."

शिरीषने इराच्या हातावरच्या पट्टीकडे बघितलं. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण ह्या तीन महिन्यांत ती एकदा जरी कुणाला चावली, तर मी तिला शेल्टरला देणार. मग मला कुणी काही सांगायचं नाही."

आठ वर्षांच्या चावऱ्या मांजराला शेल्टरमधून कोण घरी नेणार, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. फक्त इराने विचारलं, "वन्स मीन्स वन्स, बाबा?"

"वन्स मीन्स वन्स."

* * *

ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी ठमी ट्रेमध्ये जायला लागली. पाचव्या आठवड्यात इराने हट्ट करून काथ्याचा खांब आणवला. शिरीष म्हणाला, "अगं, तिला काय उपयोग?"

नंतर शिरीषबरोबर दवाखान्यात आली तेव्हा मंजिरीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. ठमी खांबापाशी आली, मागच्या पायांवर उभी राहिली, पाठ ताणली आणि दोन्ही पंजांनी खरवडायला लागली. वरून खाली, वरून खाली, डोळे मिटून. आवाज नाही. काथ्याचा एक धागा हलत नव्हता. तरी ती मिनिटभर खरवडत राहिली आणि मग समाधानाने अंग झटकून निघून गेली.

मार्लूसने तो व्हिडिओ तीनदा बघितला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"तिला माहीत नाही का, की नखं नाहीयेत?" शिरीषने विचारलं.

"तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," मार्लूस म्हणाली. "तुला आत्ता कळलं."

* * *

तीन महिने संपायला दहा-बारा दिवस उरले होते. ठमी अजून कुणाला चावली नव्हती. रविवारी दुपारी शिरीषचा फोन. "वैजू, ठमी झाडावर आहे!"

"कसं शक्य आहे?"

"मला विचारू नकोस, मी बघतोय तिला!"

बागेचं दार उघडं राहिलं होतं आणि एक मोकळा कुत्रा आत घुसला होता. मी सायकल हाणत पोचले, मार्लूसला वाटेतूनच कळवलं, तीही आली. कुंपणापलीकडे विलोचं वाकडं झाड आहे, खाली फरशी. दोन मजले उंचीवर, फांदीला पोटाशी कवटाळून ठमी! आपल्याकडे नारळावर माणूस चढतो ना, तशी ती मागच्या पायांच्या शाबूत नखांच्या जोरावर आणि पुढच्या हातांची मिठी मारत वर गेली होती. मार्लूस मान वर करून नुसती उभी. "मी वीस वर्षांत हे पाहिलेलं नाही," ती म्हणाली.

मग तिचा आवाज बदलला. "पण उतरता येणार नाही तिला. उतरताना पुढची नखंच धरून ठेवतात. ती घसरते आहे, बघ."

खरंच घसरत होती, बोट बोट. शेजाऱ्याची शिडी आली. मार्लूस दोन पायऱ्या चढली तर ठमी फिस्कारून आणखी टोकाला सरकली. अनोळखी माणूस चालणार नव्हता. मंजिरी इराला घट्ट धरून उभी होती.

आणि शिरीष चढला. बल्ब बदलायला स्टुलावर चढला तरी चक्कर येते म्हणणारा शिरीष! डोळे निम्मे मिटलेले, एकेक पायरी चाचपडत, ओठ हलताहेत, बहुतेक रामरक्षा. शिडी मी आणि मार्लूसने धरलेली. तो वर पोचला, एक हात फांदीला, एक हात पुढे. "ये गं ठमे," म्हणाला.

ठमीने उडी मारली ती थेट त्याच्या छातीवर. पंजे स्वेटरवर आपटले आणि खाली सटकायला लागले. शिरीषचा हात तिच्या पाठीला लागायच्या आत ती कमरेपर्यंत लोंबली होती. तेवढ्यात तिने मान वर केली, आणि त्याचा दंड दातांत पकडला. सगळा भार त्या दातांवर. शिरीष एकदाच "आई गं" म्हणाला.

मग तिच्या पोटाखाली हात गेला आणि तो उतरायला लागला. ठमीने दंड सोडला नाही. शेवटच्या पायरीवर नाही, जमिनीवर पाय टेकल्यावरही नाही. राखाडी स्वेटरच्या बाहीवर लाल डाग हळूहळू मोठा होत होता.

इरा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, डिड शी बाइट यू?"

शिरीषने दंडाकडे बघितलं, मग दातांनी दंडाला लटकलेल्या ठमीकडे बघितलं.

"कोण, ठमी?" तो म्हणाला. "छे!"