चमचाभर तेल आणि पोतंभर संशय

शनिवारी मी घरी आले की नवरा 'आज काय शिजवलं?' असं विचारत नाही. 'आज कुणाला कसला संशय आला?' असं विचारतो!

सिडकोतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी दर शनिवारी आई-वडिलांना रोजचा स्वयंपाक शिकवते. तेल बेतानं, भाज्या भरपूर, म्हणजे पोरांसकट सगळ्या घराचं वजन आटोक्यात राहील. वर्ग फुकट आहे. आणि फुकट म्हटलं की आपल्याकडं माणूस आधी विचारतो, 'यात ह्यांचं काय?' त्यामुळं माझ्या वहीत पाककृती आहेत दहा-बारा, पण किस्से मावत नाहीत.

*

पहिल्याच दिवशी सोनवणे उभे राहिले. गॅरेजात मेकॅनिक, उंचेपुरे, हाताची घडी घातलेली.

"मॅडम, आधी एक सांगा. डबा कवा काढणार?"

"कसला डबा?"

"पावडरचा. वजन उतरवायच्या. गोड गोड बोलून शेवटी समदे डबाच काढतेत!"

मी पिशवी टेबलावर रिकामी केली. दुधी, मेथीच्या दोन जुड्या, मूगडाळ आणि विळी. सोनवण्यांनी पिशवी उचलली, झटकली, उलटी करून आत हात घालून पाहिलं. मग शांतपणे खाली बसले.

"आज नाय आणला वाटतं," ते शेजाऱ्याला म्हणाले.

*

दुसऱ्या आठवड्यात मी वजनकाटा आणला आणि हॉल गारठला.

सुमनबाई गंगापूरकडच्या. लग्न होऊन शहरात आल्या, पण बोलणं अजून गावचंच. त्यांनी बायकांमध्ये कुजबुज पसरवली, "वजन लिहून घेतेत आन् वर पाठवतेत. भरल्या अंगाच्या माणसाचं नाव रेशनमधून काढतेत!"

मी समजावलं. हा कागद तुमचा तुमच्यापाशीच राहणार, कुठं जाणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुमनबाईंचा नंबर आला, तर काट्यावर एक काडीसारखी बाई चढली.

"ह्या कोण?"

"माझी जाऊ," सुमनबाई मागून म्हणाल्या. "नाव माझं लिहा, वजन तिचं लिहा!"

*

तेलाच्या दिवशी तर भांडणच व्हायचं राहिलं. चार माणसांच्या भाजीला मी चहाच्या चमच्यानं मोजून तेल घातलं. नसीमभाभी पुढं आल्या, कढईत वाकून बघितलं.

"मॅडम, इत्ते तेल में तो राई को भी पसीना नहीं आता!"

मोहरी तडतडली, भाजी झाली, सगळ्यांनी खाल्ली. चांगली झाली होती, ताटल्या पुसून घेतल्या. पण नसीमभाभी आणि सुमनबाई एकमेकींकडं बघत होत्या.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात दोघी.

"इकडं आलतो, म्हनलं सहज भेटावं." एवढं म्हणून सुमनबाई सरळ स्वयंपाकघरात! नसीमभाभींनी तेलाची बरणी उचलून उजेडाकडं धरली. आणि नेमकी ओट्यावर कागदात गुंडाळलेली कांदाभजी. नवऱ्यानं कोपऱ्यावरून आणलेली. कागद तेलानं पारदर्शक झालेला!

"ये किसके लिए?" नसीमभाभींनी विचारलं.

नवरा मदतीला धावला. "तुमच्यासाठीच! पाहुण्यांसाठी!"

दोघी थबकल्या. सुमनबाईंचे डोळे बारीक झाले.

"म्हंजी आमी येणार, हे तुमाला आधीच ठाऊक व्हतं?"

*

सुमनबाईंच्या सासूबाईंचा तर मला फोनच आला. "मॅडम, तुमी पोराला काय खाऊ घातलं? नातू मागून मागून शेपू खायलाय!"

"मग चांगलंच आहे की, आजी."

"चांगलं कसलं? त्याच्या बापानं जन्मात शेपू खाल्ला नाय. उद्या डॉक्टरला दाखवतो त्याला!"

*

आता सोनवण्यांचं. बायको वाळूजच्या कंपनीत सकाळच्या शिफ्टला जाते, म्हणून घरचा स्वयंपाक त्यांच्याकडं. मुलगी आठवीत, प्रिया. अंगानं भरलेली. वर्गातल्या पोरी चिडवायच्या. एकदा तर डबा तसाच घरी परत आला होता. तेव्हापासून हा माणूस शनिवार चुकवत नव्हता. भाकरी थापायला शिकला. तव्यावर उलटताना रोज बोटं भाजून घ्यायचा, पण पोरीला डबा द्यायचाच.

मग डबा रिकामा यायला लागला. रोज, अगदी चाटून पुसून. दुसरा बाप खूश झाला असता.

"मॅडम, पोरगी खात नाय," सोनवणे मला म्हणाले. "फेकून देती. उपाशी राहती. एवढा रिकामा डबा कुणाचा राहतो का?"

मी म्हटलं, तिलाच विचारा. "विचारलं. खाल्लं म्हणती. चिडवलं तवाबी कायच झालं नाय म्हणली व्हती."

दोन दिवसांनी गॅरेजातून अर्धी सुट्टी काढून ते प्रियाच्या शाळेत गेले. पोरीला लाज वाटू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधला, फक्त डोळे उघडे. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं उभे राहून आठवीच्या खिडकीत डोकवायला लागले.

पुढं काय होणार! वॉचमननं मागून दोन्ही हात पिरगाळून धरले आणि ओढत मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभं केलं.

"पोरींच्या खिडकीत बघत व्हता मॅडम!"

"मी प्रियाचा बाप हाय," सोनवणे रुमालातून म्हणाले.

"असं सगळेच म्हणतात!" बाईंनी प्रियाला बोलावणं धाडलं.

प्रिया आली ती धावतच. एक गाल फुगलेला, हातात भाकरीचा अर्धा तुकडा. वॉचमन काही हात सोडेना, त्यामुळं सोनवण्यांना रुमालही काढता येईना.

"ह्यांना ओळखतेस?" बाईंनी विचारलं.

प्रियानं रुमालाकडं पाहिलं. मग बापाच्या मागं जाऊन वॉचमनच्या मुठीतून बाहेर आलेली, तव्यावर भाजलेली बोटं पाहिली. घास गिळला.

"सोडा काका. माझे पप्पाच हायेत!"