गच्चीवरची दोन बाळं

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. तेव्हा मानत नव्हते, आजही नाही. आमचे बाबा नाशिकरोडच्या एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं ते फुकट जुळवून द्यायचे आणि आम्ही बहिणी त्यांच्या घड्या घालायचो. त्यामुळे हे वाचून कुणी गंडेदोरे विकायला निघालं, तर मी त्याच्या दारात येऊन बसेन, हे आधीच सांगते!

१९९९ चा एप्रिल. मी पुण्यात एम.ए. करत होते. प्रबंधाचा विषय होता, उत्खननात सापडलेल्या लहान मुलांच्या हाडांवरून त्यांची वाढ कशी झाली असेल ते शोधणं. मालेगावकडे गिरणेकाठी एका प्राचीन वस्तीत दोन बाळं मिळाली होती. त्या काळी तान्हं मूल गेलं की ते मडक्यात ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरायचे. लांब नाही... घरातच. माझा सगळा प्रबंध या दोघांवर उभा होता.

सरांच्या परवानगीने हाडं साफ करायला मी ती घरी आणली. (आज अशी परवानगी मिळणार नाही, आणि मिळूही नये.) एसटीत मांडीवर दोन खोकी. सिन्नरच्या अलीकडे कंडक्टरने विचारलं, "ताई, खोक्यात काय हाय?"

"हाडं. दोन बाळांची. तीन हजार वर्षांपूर्वीची."

"तीन हजार? मग हाफ तिकीट चालायचं नाय," म्हणाला आणि पुढे गेला.

धुतलेली हाडं सावलीत वाळवावी लागतात. गच्चीत पाण्याच्या टाकीच्या आडोशाला मी दोन ताटं मांडली, प्रत्येकात एकेक बाळ. इतक्या बारीक हाडांवर नंबर घालता येत नाही, म्हणून नुसत्या चिठ्ठ्या. बाबांना राखणीला बसवून मी दुपारी जेवायला खाली आले. उकडत होतं, म्हणून दारातच बसले. गच्चीचा एकुलता एक जिना आमच्या दारावरूनच जातो.

वर गेले तर चिठ्ठ्या गायब. बाबा म्हणाले, "अगं, वावटळ आली. दोन्ही ताटं उलटली, सगळं एकत्र झालं. माझे गुडघे तर तुला माहीतच आहेत... बरं झालं, तुझी मैत्रीण आली. तिने सगळं वेगळं करून ठेवलं."

"कोण मैत्रीण?"

"मला काय माहीत? कॉलेजातली असेल. धुतलेल्या कपड्यांतून आई थोरल्याचे-धाकट्याचे वेगळे करते ना, तशी करत होती. हातात घ्यायची नि ठेवायची. बघत पण नव्हती फारसं."

"बाबा, जिन्यावरून कुणीही गेलं नाही. थट्टा पुरे!"

"जन्मभर लोकांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं. आता बरगड्यांसाठी बोलू?"

मी रडायलाच लागले. त्या बरगड्या नुसत्या बघून मलाही वेगळ्या करता आल्या नसत्या. म्हणजे प्रबंध संपला, असंच वाटलं. सरांना काय सांगणार... गच्चीवर एक बाई आल्या होत्या?

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तपास."

तपासायला एकच गोष्ट होती. धुण्याआधी मी प्रत्येक खोक्यातल्या हाडांचे जवळून फोटो काढले होते. तो रोल अजून स्टुडिओत होता, बाबांनी पाहिलेलाही नव्हता. फोटो आल्यावर भिंग घेऊन बसले. एकेक चीर, एकेक तुटलेली कड जुळवत गेले. सगळं जुळलं. हिरडीतून न आलेले, तांदळाएवढे दातसुद्धा ज्याचे त्याच्या ताटात होते.

प्रबंधात मी खरं तेच लिहिलं: हाडं वाऱ्याने मिसळली, फोटोंवरून खात्री करून घेतली. मधलं वाक्य लिहिलं नाही, कारण त्याला माझ्याकडे पुरावा नाही. बाबांना झोप लागली, स्वप्न पडलं, असं म्हणून पाहिलं. मग वेगळी कुणी केली? झोपेत बाबांनी? ज्यांना चष्म्याशिवाय बातमी वाचता येत नाही, त्यांनी? स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि खोटं मी देणार नाही.

बाबा आजही बुवांविरुद्ध तितकेच तावातावाने बोलतात. परवा त्या दुपारचा विषय निघाला. म्हणाले, "एवढ्या उन्हात आली होती गं. मी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही."