बारीक आवाजाचा माईक

घशाच्या ऑपरेशननंतर माझा आवाज बारीक आणि चिरका झाला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत तो पोचेना. नोकरी सोडावी, असं मनात येऊ लागलं. शेवटी एका शनिवारी मी कळंबला गेले आणि स्टँडजवळच्या साउंडच्या दुकानात म्हटलं, "हातात धरायचा माईक हवाय. सगळ्यात भारी द्या."

दुकानदार पन्नाशीचे होते. प्रत्येक माईकची जाळी रुमालानं पुसत त्यांनी तीन माईक पुढं मांडले. मी "हॅलो, हॅलो" सुरू केलं, तर म्हणाले, "बाई, हॅलोनं आवाज कळत न्हाय. तुमी रोज बोलता ते बोला." मग माझ्याकडं पाठ करून ते ऐकत उभे राहिले.

मी वर्गाची हजेरी घ्यायला लागले. चार नावं झाली आणि त्यांनी मान हलवली. "भारी हाय, पण बारीक आवाज ह्याच्यात टोचतो." दुसराही त्यांनी बाजूला ठेवला. तिसरा सगळ्यात स्वस्त होता. "ह्यो आवाजाला भरीव करतो. ओठाजवळ धरा, अन् ओरडू नका."

ते पुन्हा पाठ करून उभे राहिले आणि मी हळूच पुढचं नाव घेतलं. जवळजवळ माझा जुनाच आवाज आला.

"हजर, बाई!" ते पाठमोरेच म्हणाले, आणि लाजून वळले. "माफ करा, तोंडातनं निघून गेलं."

तोच माईक घेऊन मी एसटीत बसले आणि मला रडू फुटलं. शेजारच्या आजींनी विचारलं, "माहेराहून निघालीस व्हय गं?"

मी "व्हय" म्हणाले.