मानधन

नातवंडांनो, मुलाखतीत पगाराचं केव्हा विचारायचं, असं परवा फोनवर विचारलंत, म्हणून लिहिते. वडील आजारपणामुळे घरी बसले आणि घर माझ्यावर आलं, तेव्हा मी अंधेरीच्या एका औषधांच्या कारखान्यात टायपिस्टच्या जागेसाठी गेले. केबिनमध्ये स्पिरिटचा आणि साहेबांच्या केसांतल्या चमेलीच्या तेलाचा वास कोंडला होता. त्या बुळबुळीत माणसानं माझं टायपिंग पाहिलं, मला स्वयंपाक येतो का तेही विचारलं, पण पगाराबद्दल चकार शब्द नाही. शेवटी मीच विचारलं. ‘‘चांगल्या घरच्या मुली पगार विचारत नाहीत हो,’’ ते हसले, ‘‘लेडीजना आम्ही मानधन देतो.’’ ‘‘आणि बाहेरच्या त्या पुरुष टायपिस्टना?’’ ‘‘त्यांना पगार. त्यांना घर चालवायचं असतं ना!’’ ‘‘मान आमच्या घरी पुष्कळ आहे, साहेब. धन किती ते सांगा.’’ ‘‘ते कामावर आलात की बघू.’’ मी उठलेच. ‘‘एवढा तोरा? बसाल घरी!’’ ते मागून ओरडले. घरी बसलेही, आईची बोलणी खात, पुढे बँकेत लागेपर्यंत. तो कारखाना केव्हाच बंद पडला. बँकेची पेन्शन अजून दरमहा माझ्या खात्यात येते.